‘मला मिळाले’ आणि ‘बाईंनी कापले’

पेपर वाटण्याचा दिवस म्हणजे मुलांची नव्हे, आम्हां शिक्षिकांचीच परीक्षा असते. मागच्या सहामाहीनंतरची गोष्ट सांगते. आठवीच्या वर्गावर मराठीचे तपासलेले पेपर घेऊन गेले. नियमित वाचणाऱ्या मैत्रिणींना ठाऊकच आहे, मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळचे तीन तास घ्यायचे आणि दुपारी घर गाठायचं. वर्गात बेचाळीस मुलं. पेपर हातात पडले आणि पाचच मिनिटांत दोन प्रकारचे आवाज ऐकू यायला लागले.

“बघ, मी चौतीस मिळवले! रात्री अकरापर्यंत बसलो होतो.”

“बाईंनी निबंधाचे कापले रे. मला तेराच दिले.”

एक मिळवतो आणि दुसऱ्याला दिले जातात. मनात म्हटलं, हे चालायचंच. पेपर गुंडाळून ठेवावेत तशी ती वाक्यंही गुंडाळून ठेवली आणि घरी आले.

घरी आमचे धाकटे चिरंजीव पाचवीत. त्यांचेही पेपर त्याच दिवशी मिळालेले. दप्तर टाकता टाकताच बातमी आली, “आई, गणितात मी वीसपैकी अठरा काढले! आणि इंग्रजीत सरांनी नऊच दिले.”

मी म्हटलं, “अरे, गणितात तू काढलेस आणि इंग्रजीत सरांनी दिले, असं कसं?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सूर्य कुठे उगवतो असं विचारलं होतं. “अगं, इंग्रजीचा पेपर किती अवघड होता! आणि सरांनी तो धडा नीट शिकवलाच नव्हता.”

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण अगदी ओठांवर आली होती. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून चर्रकन आवाज आला आणि मी पळत पळत ओरडले, “अगंबाई, दूध उतू गेलं!”

गॅस बंद केला, ओटा पुसायला घेतला आणि पुसता पुसता माझं मलाच हसू आलं. दूध उतू ‘गेलं’ म्हणे! त्याला जाऊ कोणी दिलं? मैत्रिणींनो, तुम्हीच आठवून पाहा. आपल्या घरात दूध नेहमी आपण होऊन उतू जातं, कप हातातून ‘पडतो’, भाजी ‘लागते’. पोळ्या मऊसूत झाल्या तर आपला हात चांगला, आणि कडक झाल्या तर यंदाचा गहूच वाईट! मग त्या दहा वर्षांच्या पोराला कुठल्या तोंडाने म्हण ऐकवायची? मी ती गिळली.

पण विषय डोक्यातून जाईना. बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा एक विषय होता. रात्री माळ्यावरची जुनी टिपणं काढली. माणूस प्रत्येक घटनेमागचं कारण कसं शोधतो, याचा विचार फ्रिट्झ हायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1958 सालच्या आपल्या पुस्तकात मांडला होता. पुढे ‘यश आलं तर माझ्यामुळे, अपयश आलं तर दुसऱ्यामुळे’ या आपल्या सवयीवर खूप अभ्यास झाला. आपण तिला साध्या भाषेत ‘सोयीचा हिशेब’ म्हणू या. जमेच्या बाजूला आपलं नाव आणि खर्चाच्या बाजूला दुसऱ्याचं!

तुम्ही म्हणाल, म्हणजे मुलं खोटं बोलतात? नाही. आणि हेच आपण आया आधी समजून घ्यायला हवं. 1975 साली मिलर आणि रॉस या दोघांनी या सवयीवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की यामागे दर वेळी अहंकारच असतो असं नाही. आपण काम हाती घेतो ते जमेल या अपेक्षेने. जमलं, की ‘मी केलं म्हणून झालं’ हा धागा सरळ दिसतो. जमलं नाही, की माणूस चक्रावतो, ‘मी तर केलं होतं, मग झालं का नाही?’ असं म्हणतो आणि कारण बाहेर शोधायला लागतो. आमच्या चिरंजीवांनी इंग्रजीचं पुस्तक आदल्या दिवशी दोन तास मांडीवर घेतलं होतं. दोन तास बसलो, म्हणजे मार्क मिळायलाच हवेत, हा त्याचा प्रामाणिक हिशेब. त्या दोन तासांतला किती वेळ खिडकीबाहेर गेला, हे त्याला कुठे आठवतंय!

शिवाय या सवयीचा थोडा उपयोगही आहे. 2004 साली काही संशोधिकांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने तोवर झालेले 266 अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत हा सोयीचा हिशेब जवळजवळ सगळीकडे सापडला, पण ज्यांचं मन उदासीने खचलेलं असतं त्यांच्यात तो बराच कमी दिसला. म्हणजे ही एक छत्रीच म्हणायची. पावसात थोडा आडोसा देते. मात्र घरातसुद्धा छत्री उघडी ठेवून कोणी हिंडायला लागलं, तर दुसऱ्यांच्या डोळ्यांत काड्या जायच्या! सगळा दोष बाहेर ठेवणाऱ्या मुलाला स्वतःत बदलण्यासारखं काही उरतच नाही. अंगण वाकडं म्हटल्यावर पाय कशाला शिकवायचे?

आता माझीच एक फजिती सांगते. त्याच पेपरात मी व्याकरणाचा प्रश्न घातला होता. ‘शिपायाने चोराला पकडले’, प्रयोग ओळखा. उत्तर सोपं, भावे प्रयोग. बेचाळीस मुलांपैकी एकतीस मुलांनी कर्मणी लिहिलं होतं. शिक्षकांच्या खोलीत बसून मी तावातावाने म्हटलं, “यंदाची मुलं लक्षच देत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या वर्गाचं व्याकरण किती छान होतं!”

वाक्य तोंडातून गेलं आणि शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या बाई मिस्कील हसल्या. “म्हणजे छान होतं तेव्हा वर्ग तुमचा, आणि चुकलं तेव्हा मुलं यंदाची?”

मला चांगलंच झोंबलं. घरी येऊन एका हुशार मुलीची वही मागवून पाहिली. तिच्यात माझंच वाक्य लाल शाईने चौकटीत लिहिलेलं, ‘कर्त्याला ने लागला की कर्मणी.’ वेळ वाचावा म्हणून मीच ही युक्ती सांगितली होती. क्रियापद कोणाप्रमाणे बदलतं हे पाहायचं, चोर एक असो की दहा, ‘पकडले’ तसंच राहतं म्हणून तो भावे, हे सांगायचं मी पुढच्या तासावर ढकललं आणि तो तास स्नेहसंमेलनाच्या तयारीत गेला. मुलांनी लक्ष दिलं होतं हो! माझी युक्ती अगदी तंतोतंत पाळली होती.

हे फक्त माझंच नाही, बरं का. 1964 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. शैक्षणिक मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षक केलं आणि दोन मुलांना गुणाकार शिकवायला सांगितलं. मुलं समोर नव्हती, नुसता आवाज यंत्रातून त्यांच्यापर्यंत जायचा. मग मुलांनी सोडवलेले म्हणून कागद शिक्षकांच्या हाती दिले. खरं म्हणजे ते कागद संशोधकांनीच ठरवून भरलेले होते. एक मुलगा दोन्ही वेळा हुशार दाखवला. दुसरा पहिल्यांदा चुकलेला दाखवला, आणि दुसऱ्या खेपेला काही शिक्षकांना तो सुधारलेला दाखवला, तर काहींना तसाच ढ. ज्यांचा मुलगा सुधारला ते म्हणाले, आमच्या शिकवण्यामुळे. ज्यांचा सुधारला नाही ते म्हणाले, मुलातच काही तरी कमी आहे!

वाचताना मला वाटलं, शिक्षकाच्या जागी आई घातली तरी हे वाक्य चालेल. मुलगा पहिला आला, की ‘मी रोज बसवून अभ्यास घेते हो’, आणि घसरला, की ‘अगदी वडिलांच्या वळणावर गेलाय’! आमच्याकडे ‘हे’ वर्तमानपत्राआडून दर परीक्षेला हे ऐकतात आणि गप्प बसतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले आणि फळ्यावर ते वाक्य पुन्हा लिहिलं. म्हटलं, “हे तुमचं चुकलं, पण त्याआधी माझं चुकलं होतं. मी अर्धंच शिकवलं.” वर्ग एकदम चिडीचूप झाला. आणि मग एक गंमत झाली. तेरा मार्कवाला तो मुलगा, बाईंनी कापले म्हणणारा, उठून उभा राहिला. “बाई, निबंध मी वाचून पाहिला नव्हता. शेवटचा परिच्छेद राहिलाच होता.” त्याला कोणी विचारलंही नव्हतं!

पण एक सावधगिरीची गोष्टही सांगायला हवी. प्रत्येक सबब खोटी असते असं धरून चालू नका. त्याच वर्गात नेहमी काही ना काही कुरबुर करणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, “बाई, माझी बेरीज चुकलीय.” मी पेपरकडे न बघताच म्हटलं, “तुझं नेहमीचंच आहे, बस खाली.” तो बसला. मधल्या सुट्टीत पेपर माझ्या टेबलावर ठेवून काही न बोलता निघून गेला. मी बेरीज केली. तेवीस नव्हते, सत्तावीस होते! त्याच्या नेहमीच्या कुरबुरीमुळे मी त्याची खरी तक्रारही खोट्यात काढली. मी त्याची माफी मागितली ती वर्गासमोर, कारण ‘बस खाली’ हेही वर्गासमोरच म्हटलं होतं.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी खरं म्हणजे आज लिहायला बसले, ती सांगते.

या सगळ्या गोंगाटात, मिळवणाऱ्यांच्या आणि कापले म्हणणाऱ्यांच्या, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी गप्प बसलेली असायची. चाळीसपैकी अडतीस, वर्गात सर्वांत जास्त. मी म्हटलं, “शाब्बास गं!” तर खाली मान घालून म्हणाली, “पेपर सोपा होता, बाई.” मी मनात म्हटलं, किती विनयी मुलगी! आणि पुढच्या बाकाकडे वळले.

काही दिवसांनी एनएमएमएस परीक्षेचे फॉर्म भरायची वेळ आली. ज्या मैत्रिणींना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. घरची मिळकत मर्यादेत असलेल्या मुलांनी आठवीत ही परीक्षा द्यायची आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये. ज्या घरात वह्यांसाठी महिनाअखेरीला थांबावं लागतं, त्या घरात महिन्याचे हजार रुपये म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. पुष्कळदा या पैशांवरच मुलीची नववी की लग्न, हे ठरतं.

वर्गातल्या तीस मार्कवाल्या मुलांनीसुद्धा नावं दिली. हिने दिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मला नाही जमायचं, बाई.”

“अगं, अडतीस मार्क कोणाला पडले?”

“ते सोपं आलं होतं म्हणून.”

“आणि गणितात घटक चाचणीत कमी पडले तेव्हा? तो पेपर अवघड होता ना?”

“नाही बाई, तो सोपाच होता. मलाच डोकं नाही.”

मैत्रिणींनो, माझ्या अंगावर काटा आला. बाकीच्या मुलांचा हिशेब जिथे सोयीचा, तिथे हिचा हिशेब उलटा. जमा झालं की दुसऱ्याच्या नावावर आणि खर्च तेवढा स्वतःच्या! मी इतके दिवस सबबी सांगणाऱ्या मुलांशी हुज्जत घालण्यात शक्ती खर्च केली आणि हिचं मुकाटपण विनय म्हणून कौतुकाने पाहत राहिले. बोलणाऱ्याची तक्रार तरी ऐकू येते. हिची छत्रीच नव्हती आणि ती भिजतेय हे मला दिसलंही नाही.

तिच्या आईला भेटायला बोलावलं. बाई कष्टाळू, दोन खानावळींना पोळ्या करून देतात. येऊन दारातच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, “ताई, बसा ना. तुमची मुलगी हुशार आहे. तिला परीक्षेला बसवू या.”

त्या हसल्या. “कुठली हुशार बाई! आमच्या घरात कुणाचंच डोकं चालत नाही. मला तर आकडे पाहिले की घाबरायला होतं.”

मी सहज विचारलं, “दीडशे पोळ्या करायच्या तर कणीक किती घेता?”

“पाच किलोला थोडी कमी,” क्षणाचाही विलंब न लावता उत्तर आलं. “पण लग्नाची ऑर्डर असली तर पोळी मोठी लागते, मग सहा घ्यावी लागते.”

“हे गणितच झालं की, ताई!”

“छे हो, हे काय गणित! हे सवयीनं येतं.”

मुलगी आईच्या मागे उभी होती. तिने झटकन माझ्याकडे पाहिलं. ‘पेपर सोपा होता’ आणि ‘हे सवयीनं येतं’ ही दोन्ही वाक्यं एकाच घरातली आहेत, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

आणि एकाच घरातली तरी कशाला म्हणायची? पाहुण्यांनी श्रीखंडाची स्तुती केली की तुम्ही काय म्हणता? “अहो, त्यात काय, चक्काच चांगला होता!” दूध उतू गेलं की आपोआप गेलं म्हणणाऱ्या आपण, ज्या ठिकाणी लहानपणापासून ‘तुला नाही जमायचं’ असं ऐकलेलं असतं, त्या ठिकाणी अगदी उलट्या वागतो. बँकेचा फॉर्म बिनचूक भरला तर ‘त्या साहेबांनी सांगितलं म्हणून’ आणि चुकला तर ‘मला मेलीला यातलं काही कळत नाही’!

हे मुली शिकतात कुठे? कॅरॉल ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली वर्गांमधल्या निरीक्षणांवर एक लेख लिहिला. त्यांना असं दिसलं, की मुलगे शिक्षकांची बोलणी पुष्कळ खातात, पण त्यातली बरीचशी धांदरटपणाबद्दल, गडबडीबद्दल, घाणेरड्या अक्षराबद्दल असतात. त्यामुळे मुलगा म्हणू शकतो, ‘बाईंना माझं वागणं आवडत नाही.’ मुलींच्या कामाला जी नावं ठेवली जातात ती मात्र जवळजवळ सगळी उत्तर चुकल्याबद्दल. व्यवस्थित बसणाऱ्या, नीटनेटकं लिहिणाऱ्या मुलीला दुसरी सबबच उरत नाही. ती सरळ निष्कर्ष काढते, ‘मलाच डोकं नाही.’ हे वाचून मी माझे पेपर पुन्हा चाळले. मुलांच्या पेपरावर माझे शेरे ‘अक्षर सुधार’, ‘घाई नको’ असे, आणि मुलींच्या पेपरावर नुसती फुली. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं हो. माझ्याच हाताने केलं होतं.

मग करायचं काय? याही बाबतीत ड्वेक यांचा 1975 सालचा एक छोटा पण बोलका प्रयोग आहे. आठ ते तेरा वर्षांची बारा मुलं, सगळी अशी की एखादं गणित चुकलं की हातपाय गाळायची. त्यांच्यापैकी निम्म्यांना पंचवीस दिवस फक्त जमतील अशीच गणितं दिली, म्हणजे यशच यश. बाकीच्यांना अधूनमधून न जमणारीही दिली, आणि चुकलं की सांगितलं, प्रयत्न कमी पडला, आणखी करायला हवा. नंतर पुन्हा अपयश समोर आलं तेव्हा नुसतं यश चाखलेली मुलं पहिल्यासारखीच खचली आणि दुसरी मात्र टिकली. तेव्हा मुलाला नुसतं ‘तू हुशारच आहेस’ म्हणून गोंजारण्यापेक्षा, कारण कुठे शोधावं हे शिकवणं जास्त उपयोगी.

मी घरी आणि वर्गात काय सुरू केलं, ते सांगते. तुम्हांला पटलं तर करून पाहा.

एक. पेपर आला त्या दिवशी चर्चा करू नये. मुलाचं पोट भरू द्यावं, खेळून येऊ द्यावं. ताज्या जखमेवर बोट ठेवलं की सबबच बाहेर येणार.

दोन. आपला मिसळणाचा डबा असतो ना, तसा एक मनाशी धरावा. बर्नार्ड वाइनर या अभ्यासकाने यशापयशाची चार मुख्य कारणं सांगितली आहेत: हुशारी, मेहनत, पेपरचा सोपा-अवघडपणा आणि नशीब. या झाल्या चार वाट्या. मुलाला विचारावं, “यातलं कशाकशाचं किती पडलं?” एकाच वाटीतून सगळं उचलायचं नाही, एवढाच नियम. पेपर अवघड होता? असेल. मग बाकीच्या तीन वाट्यांत काय आहे? त्यांतली मेहनतीची वाटी पूर्णपणे आपल्या हातातली, हे मुलाला हळूहळू आपोआप कळतं.

तीन. हाच प्रश्न चांगले मार्क पडल्यावरही विचारावा. हे आपण कधीच करत नाही. “अठरा कसे जमले रे?” असं विचारल्यावर आमचे चिरंजीव विचारात पडले आणि म्हणाले, “उत्तर काढून झाल्यावर मी ताळा करून पाहिला.” मग मी फक्त एवढंच म्हटलं, “इंग्रजीत ताळा कसा करता येईल?” सरांचा विषय त्यानंतर निघाला नाही. गप्प राहणाऱ्या मुलींना तर हा प्रश्न आवर्जून विचारावा आणि ‘सोपं होतं’ हे उत्तर एकटं स्वीकारू नये.

चार. मेहनत केली आणि तरीही चुकलं, तर ‘आणखी मेहनत कर’ म्हणू नये. ते क्रूरपणाचं होतं. तेव्हा म्हणावं, “पद्धत बदलून पाहू या.” पाठ करून जमत नसेल तर लिहून, एकट्याने जमत नसेल तर मैत्रिणीला शिकवून. आणि कधी कधी खरंच शाळेत नीट शिकवलेलं नसतं, घरात अभ्यासाला जागा नसते, डोळ्यांना फळा दिसत नसतो. तेही तपासावं.

पाच. दुसऱ्यांदा बेरीज करावी. मुलाच्या पेपराची आणि आपल्या मताचीही!

सहा. आणि हे सगळ्यांत अवघड. आपला स्वतःचा हिशेब मुलांसमोर मोठ्याने मांडावा. आमच्या घरी आता नियम केला आहे, दूध उतू ‘जात’ नाही. “मी फोनवर पालकांच्या गटावरचे निरोप वाचत बसले, म्हणून दूध उतू घालवलं,” असं म्हणायचं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मुलं खो खो हसली. ‘ह्यां’नी वर्तमानपत्र खाली केलं. पण परवा धाकट्याच्या हातून बरणी फुटली तेव्हा तो आला आणि म्हणाला, “आई, मी बरणी फोडली.” ‘फुटली’ नाही म्हणाला. मी काच गोळा केली आणि त्याला रागावले नाही. या वाक्याची किंमत बरणीपेक्षा नक्कीच जास्त होती.

आणि याची जोड म्हणजे, श्रीखंड चांगलं झालं तर तेही म्हणायचं, “हो, मी केलं. चक्का रात्रभर टांगून ठेवला होता.” मुली ऐकत असतात हो.

त्या मुलीने फॉर्म भरला. आईनेच सही केली, थरथरत्या हाताने, पण केली. दोन महिने शाळा सुटल्यावर आम्ही अर्धा तास बसायचो. प्रत्येक सरावपेपर झाला की ती वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी लिहायची: कशामुळे जमलं आणि कशामुळे राहिलं. सुरुवातीला पहिली ओळ कोरीच राहायची. मी ती भरल्याशिवाय तिला घरी जाऊ द्यायची नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती वर्गाबाहेर माझी वाट पाहत होती. निकाल अजून लागायचा आहे, आणि काय लागेल ते मी सांगू शकत नाही. जागा मर्यादित असतात आणि बसणारी मुलं पुष्कळ. पण मी विचारलं, “कसा गेला पेपर?” आणि श्वास रोखून धरला.

“शालेय क्षमतेचा मी चांगला सोडवला, बाई,” ती म्हणाली. मग थोडी थांबून, “बौद्धिक क्षमतेत शेवटचे दहा प्रश्न राहिले. मी एकाच आकृतीवर फार वेळ घालवला.”

दोन्ही वाक्यांत ‘मी’ होता. मैत्रिणींनो, माझ्यापुरता त्या मुलीचा निकाल त्याच वेळी लागला.